झाड कोठे शे?

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना कोरीटहून खुलं पत्र

माननीय गव्हर्नर साहेब,
भारतीय रिझर्व्ह बँक, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई



दिवाळीत घरात एक प्रसंग घडला, त्यावरून हे पत्र. माझा पुतण्या नाशिकला नोकरीला आहे. सुट्टीत कोरीटला आला तेव्हा ओट्यावर बसून त्याने मोबाइल आजीपुढे धरला. आजी म्हणजे माझी आई. वय ब्याऐंशी, कान तिखट, नजर अधू. वर्षभरात पोराच्या क्रेडिट कार्डावर ठरलेल्या रकमेची खरेदी झाली होती, म्हणून बँकेने त्याच्या नावाने एक झाड लावलं होतं. पडद्यावर हिरव्या वेलबुट्टीचं प्रमाणपत्र, मधोमध त्याचं नाव, खाली झाडाचा क्रमांक. आईने मोबाइल नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला आणि विचारलं, "झाड कोठे शे?"

ही आमची अहिराणी. झाड कुठे आहे, एवढंच विचारलं तिने.

पोरगा म्हणाला, "आजी, हाऊ नंबर शे ना झाडना."

"नंबरनी सावली पडस का?"

ओट्यावर हशा झाला, चहा आला, विषय संपला. माझा मात्र संपला नाही. रात्री चष्मा लावून मी ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं. राज्याचं नाव होतं. जिल्हा नाही, गाव नाही, गट नंबर नाही, झाडाची जातही नाही. पुतण्याने बँकेला ईमेल केला, आठ दिवसांनी दुसरा केला. दोन्ही वेळा एकच उत्तर: आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे. बँकेचं नाव मी लिहीत नाही. एका बँकेची तक्रार करायची असती तर तुमच्या लोकपालांकडे गेलो असतो, खुलं पत्र कशाला लिहिलं असतं?

मी कोण, तेही सांगतो. कोरीट हे नंदुरबार तालुक्यातलं गाव. कापूस, मिरची, ऊस, पपई हे आमचं जग. चार एकर जमीन आहे, आणि निवृत्त होईपर्यंत विविध कार्यकारी सोसायटीत गटसचिव होतो. म्हणजे कर्ज देणं, वसुलीला दारोदार फिरणं, मार्चअखेर शिव्या खाणं, हे सगळं करून झालं आहे. पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खात्यात जमा होतो, हे बघायची खोड लागली ती अजून जात नाही.

त्याच खोडीने ही हिरवी कार्डं बघायला बसलो. प्रकार मुख्यतः दोन दिसले. एकात कार्डाचं अंगच हिरवं असतं. एचएसबीसीने आपल्याकडे 2021 मध्ये पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकची कार्डं आणली, रिलायन्स आणि एसबीआय कार्ड यांचं 2023 मधलं कार्डही तसंच. मास्टरकार्डने तर जाहीरच केलं आहे की 2028 पासून नवी कार्डं अशाच साहित्याची हवीत. दुसऱ्या प्रकारात बक्षीस हिरवं असतं: खर्च करा, झाड लावू, खर्च करा, पॉइंट्स पर्यावरणाच्या कामाला दान करा. मास्टरकार्डने 2020 मध्ये बँकांना आणि दुकानदारांना जोडून दहा कोटी झाडांचा संकल्प सोडला, तो याच जातीचा.

वाईट काय त्यात? काही नाही. फक्त जरा तराजू काढू या.

क्रेडिट कार्डाचं वजन असतं साधारण पाच ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जाळलं की हवेत सव्वादोन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो. आणि देशातल्या बहुतेक कार्डांवर पेट्रोल भरताना लागणारा एक टक्का अधिभार माफ असतो. तेल कंपन्यांशी जोडलेली खास कार्डं आहेत ती वेगळीच. बीपीसीएल-एसबीआय कार्ड 2017 पासून आहे, इंडियन ऑइलची एचडीएफसीबरोबर आहेत, आणखीही आहेत. त्यांच्यावर पेट्रोलला बाकी खरेदीपेक्षा कितीतरी पट पॉइंट्स. म्हणजे एका खिशात पाच ग्रॅम प्लास्टिक वाचवल्याचं कौतुक आणि दुसऱ्या खिशात टाकी फुल करण्याचं बक्षीस. पेट्रोल कार्ड घेणाऱ्याला मी दोष देत नाही. ज्याला रोज शहादा-नंदुरबार मोटरसायकल हाणायची आहे, त्याने सवलत का सोडावी? पण मग हिरव्या कार्डाच्या जाहिरातीत एवढी पानं-फुलं तरी नकोत.

आता तोच तराजू माझ्या वावरात आणतो, नाहीतर म्हणाल म्हातारा शहरवाल्यांनाच झोडतो. आमच्याकडे मिरची ठिबकवर आणि मल्चिंग पेपरवर घेतात. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग आणि पथारीवर वाळत घातलेला तो लाल गालिचा टीव्हीवाले दरवर्षी दाखवतात. त्या मिरचीखाली अंथरलेलं प्लास्टिक मात्र कोणी दाखवत नाही. एका एकराला पाच-सहा बंडलं लागतात. बंडल चारशे मीटरचं, चार फुटी पन्ना, जाडी पंचवीस मायक्रॉन; गुणाकार केला तर एकराला पन्नास किलोंच्या पुढे प्लास्टिक जातं. पाच ग्रॅमच्या हिशेबाने ती दहा हजार क्रेडिट कार्डं झाली. एका एकरात, एका हंगामात. हंगाम संपला की हा कागद गोळा करायला मजूर परवडत नाही. उन्हाने त्याच्या चिंध्या होतात, बऱ्याच नांगराखाली जातात, उरलेल्या बांधावर गोळा करून काडी लावतात. काळा, चिकट धूर निघतो, घशात बसतो. साहेब, प्लास्टिकचीच काळजी असेल तर हा कागद परत आणून देणाऱ्याला किलोमागे दोन रुपये बक्षीस द्यायला कोणती बँक पुढे आली? नाशिकच्या पोराच्या खिशातलं कार्ड बदललं, कोरीटच्या वावरातला धूर तसाच.

बक्षिसाचा पैसा येतो कुठून, हेही गावात माहीत असलेलं बरं. कार्ड घासलं की दुकानदाराच्या रकमेतून दीड-दोन टक्के कापले जातात. त्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला, आणि त्यातलाच चतकोर पॉइंट्स म्हणून ग्राहकाला. दुकानदार धर्मादाय दवाखाना चालवत नाही. तो ते टक्के भावात धरतो. भाव सगळ्यांना सारखा. म्हणजे रोख देणाऱ्या बाईनेही कार्डवाल्याच्या झाडाला पाणी घातलंच. त्यात ज्यांना बिल पूर्ण भरता येत नाही त्यांच्यावर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज. वर्षाचे बेचाळीस ते पंचेचाळीस होतात. आमच्याकडे या दराने पैसे देणाऱ्याला वेगळं नाव आहे, ते इथे लिहीत नाही.

यूपीआयने यातून छोट्या माणसाला बरंच वाचवलं, हे कबूल. आमच्या किराणा दुकानात डबी बोलते, "एकशे वीस रुपये प्राप्त झाले," आणि त्या रकमेतून दुकानदाराचा एक पैसा जात नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तेव्हाही दोन हजारांपर्यंत छोट्या दुकानदाराला शुल्क लावलं नाही. हे चांगलं केलंत.

माझा मूळ मुद्दा मात्र याहून साधा आहे, आणि सोसायटीच्या पायरीवर बसून तो कोणालाही कळेल. हे कार्ड खर्चाला बक्षीस देतं. जितका जास्त खर्च तितकी जास्त झाडं. मग ज्याने काही घेतलंच नाही, त्याचं काय? माझ्या आईने उभ्या आयुष्यात विमान पाहिलं ते आकाशात. तिच्याकडे चार लुगडी, एक पत्र्याची पेटी. पाण्याचा एक तांब्या ती दोन कामांना वापरते. तिच्याइतकं हिरवं माणूस आमच्या घरात दुसरं नाही, आणि तिच्या नावावर झाडं शून्य. पुतण्या वर्षातून दोनदा गोव्याला विमानाने जातो, त्याच्या नावावर एक.

जगात याचा विचार कोणी केलाच नाही असं नाही. स्वीडनमध्ये 2019 साली डोकोनॉमी नावाच्या कंपनीने मास्टरकार्डबरोबर एक कार्ड आणलं. प्रत्येक खरेदीतून किती कार्बन निघाला ते ते सांगे, आणि त्याच्या एका प्रकारात कार्बनची मर्यादा भरली की कार्डच थांबे. पैसे आहेत, पण आता बस! माझ्या मते क्रेडिट कार्डाच्या इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक विचार. तो फार पसरला नाही यात नवल नाही; कुऱ्हाडीचा दांडा कोणती बँक स्वतः होईल?

दक्षिण कोरियाचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने 2011 च्या जुलैत ग्रीन कार्ड सुरू केलं. पर्यावरणाचं मानांकन असलेली वस्तू घेतली तर गुण, बस-रेल्वेने गेलं तर गुण, आणि घरची वीज, पाणी, गॅस आधीपेक्षा कमी वापरला तरी गुण. एक कोटीहून जास्त कार्डं गेली. ते शेवटचं कलम बघा. न जाळलेल्या विजेला गुण! असा विचार करायला सरकार मध्ये पडावं लागलं. नुसत्या बँकेच्या डोक्यात तो आला नसता, कारण न केलेल्या खर्चातून तिला काही सुटत नाही.

आपल्याकडे असं काही नाही असं मात्र म्हणू नका. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीपासून पूर्ण माफ. नंदुरबारला जायचं तर पूर्वी चौघी मिळून काळीपिवळी करायच्या, आता एसटीची वाट बघतात. कोणी या सवलतीला हरित बक्षीस योजना म्हटलं नाही, वेलबुट्टीचं प्रमाणपत्र दिलं नाही. माझी आई मात्र कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना जी ऐट करते, ती कुठल्या प्लॅटिनम कार्डवाल्याने करून दाखवावी. (आधारची पण गंमत. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. प्रयोग करायचा झाला की दिल्ली-मुंबईला नंदुरबार आठवतं. आजही एक प्रयोगच मागायला बसलो आहे.)

झाडाकडे परत येतो. झाड लावणं आणि झाड असणं यांत काय फरक आहे, ते महाराष्ट्राला शिकवायला नको. 2016 च्या 1 जुलैला दोन कोटी, मग चार कोटी, मग तेरा, 2019 मध्ये तेहतीस कोटी, अशी सरकारी लागवड झाली. चौकशीसाठी 2021 मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली. गावोगाव विनोद एकच होता: खड्डा जुनाच, रोप नवं. त्या वर्षांत मीही एका रोपाबरोबर फोटो काढून घेतला आहे. ते रोप कुठलं, आता दाखवता येणार नाही.

अमेरिकेत ॲस्पिरेशन नावाची कंपनी दर खरेदीमागे झाड लावणारं कार्ड विकत होती. नंतर पत्रकारांनी मोजायला घेतलं, तर लावली म्हणून सांगितलेली झाडं आणि खरोखर जमिनीत गेलेली झाडं यांचा मेळ बसेना. पुढे तिच्या एका संस्थापकाने गुंतवणूकदारांना फसवल्याचा गुन्हा 2025 मध्ये कबूल केला. तो गुन्हा झाडांचा नव्हे, पैशांचा. पण जो एका वहीत आकडा फुगवतो तो दुसऱ्या वहीत का थांबेल? तीसेक वर्षं दफ्तर तपासलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

आमच्या शेजारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. उघड्या पडलेल्या डोंगरावर तिथल्या आदिवासींनी स्वतः नियम केले: कुऱ्हाड बंद, चोरून तोडणाऱ्याला दंड, राखणीला गावातलीच माणसं. आज तिथे शेकडो हेक्टर जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे, दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांना 2025 ची पद्मश्री मिळाली. त्या गावाने झाडं किती लावली हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यांनी झाडं राखली. लावलेल्या झाडाचा फोटो निघतो, न तोडलेल्या झाडाचा काय फोटो काढणार? म्हणून कार्डवाल्यांना लागवड आवडते, राखण आवडत नाही. केंद्राच्या हरित पत कार्यक्रमातसुद्धा आधी झाडामागे एक पत असा हिशेब होता. ऑगस्ट 2025 मध्ये तो बदलून पाच वर्षं राखण आणि किमान चाळीस टक्के छत्र अशी अट घातली गेली. उशिरा का होईना, आईचा प्रश्न दिल्लीला पोचला.

तो मुंबईला पोचावा म्हणून हे पत्र.

तुमच्या हातात काय आहे हे मी तपासून घेतलं. 2023 च्या एप्रिलात तुम्ही हरित ठेवींसाठी चौकट आणली. बँकेने हरित म्हणून ठेव घेतली तर तो पैसा कुठे लावला हे सांगायचं, बाहेरच्या त्रयस्थाकडून दरवर्षी पडताळून घ्यायचं, अहवाल लोकांपुढे ठेवायचा. उत्तम. मग ठेवीदाराला दिलेल्या हिरव्या शब्दाला जो पुरावा लागतो, तो कार्डधारकाला दिलेल्या हिरव्या शब्दाला का लागू नये? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या सगळ्या जाहिरातींना लागू आहेत. पण बँकेला धाक वाटतो तो तुमचा. 2022 च्या कार्ड निर्देशांत तुम्ही म्हणालात की मागितल्याशिवाय कार्ड देऊ नका आणि बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करा, नाहीतर रोज पाचशे रुपये ग्राहकाला द्या. पाचशे रुपये म्हटल्याबरोबर सगळ्यांना कामकाजाचे दिवस मोजता येऊ लागले.

तसंच एक कलम इथे घाला. कार्डावर झाड देणाऱ्या बँकेने गाव, गट नंबर आणि झाडाची जात सांगावी, आणि तीन वर्षांनी ते जिवंत आहे की मेलं ते कार्डधारकाला आपणहून कळवावं. मेलं तर मेलं म्हणून कळवावं. शेतकऱ्याला रोप मरण्याचं नवल नाही. सांगता येत नसेल तर झाड देऊ नये, रोख पैसे द्यावेत.

पण खरं सांगू का, नाशिक-पुण्याच्या कार्डांवर माझा फारसा जीव नाही. क्रेडिट कार्ड म्हटलं की कोरीटमध्ये आठवतं ते दुसरंच. किसान क्रेडिट कार्ड. ते आलं 1998 मध्ये, गुप्ता समितीच्या शिफारशीवरून. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तोही त्याच वर्षी, 1 जुलैला. (1 जुलै ही तारीख आमच्या फार वाट्याला येते: कृषी दिन तेव्हाच, स्टेट बँकेचा वाढदिवस तेव्हाच, वृक्षलागवडीचा मुहूर्त तेव्हाचा आणि तुमचे कार्डाचे निर्देश लागू झाले तेही 1 जुलै 2022 ला.) सुरुवातीला ते कार्ड कसलं, फोटो चिकटवलेलं पासबुकच होतं. मी स्वतः शाई सांडेपर्यंत भरली आहेत.

या कार्डावर बक्षीस आधीपासून आहे, हे शहरातल्या लोकांना सहसा माहीत नसतं. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याज सात टक्के. वेळेवर फेडलं तर तीन टक्के सूट, म्हणजे चार. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेलंही सुटतं. देशातलं सगळ्यात मोठं बक्षीस देणारं क्रेडिट कार्ड हेच असावं, फक्त त्याच्यावर विमानतळाचा लाउंज मिळत नाही.

पण बक्षीस कशाला मिळतं? वेळेवर फेडण्याला. ते कसं चालतं, बघायला एकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या. त्याला आम्ही 'नवं-जुनं' म्हणतो. शेतकऱ्याकडे तेव्हा पैसा नसतो. कापूस विकून झालेला, उसाचं बिल यायचं असतं. मग तो दोन-तीन दिवसांसाठी कोणाकडून तरी लाख-दीड लाख उचलतो, शेकड्याला दोन-तीन रुपये मोजतो, सकाळी कर्ज भरतो आणि मंजुरी मिळाली की नवं कर्ज उचलून ते पैसे परत करतो. कागदावर वसुली शंभर टक्के. मीच लिहिली आहे ती. फेडणाऱ्याच्या कपाळावर घाम आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान, दोघे एकाच बाकावर बसलेले असायचे आणि मधल्या पिशवीतली नोटांची गड्डी तीच असायची. सरकारच्या व्याज सवलतीचा एक तुकडा दरवर्षी त्या बाकावर सांडतो.

म्हणून म्हणतो, या कार्डावर थोडं हिरवं बक्षीस ठेवून बघा. ज्याने पाचट जाळलं नाही, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या नाहीत, मल्चिंगचा कागद गोळा करून दिला, बांधावरचा लिंब राखला, त्याला अर्धा टक्का सूट द्या. व्याज आधीच शून्यावर पोचलं असेल तर कर्जाची मर्यादा थोडी वाढवून द्या, तीही चालेल. पहिली शंका येईल, बघणार कोण? त्याचं उत्तर सरकारनेच करून ठेवलं आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. शेतकरी वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो, जागेची नोंद आपोआप होते, आणि त्यात बांधावरची झाडं नोंदवायचा रकाना आधीपासून आहे. माझ्या बांधावर अकरा झाडं आहेत: सात लिंब, दोन आंबे, एक चिंच, एक बाभूळ. सात-बारा उघडा, झाड कुठे आहे ते कळेल. एवढी माहिती नाशिकच्या प्रमाणपत्रात नव्हती.

लबाडी होईल का? होईल. शेजाऱ्याच्या लिंबाचा फोटो माझ्या गटात टाकणारे निघतील. मी त्यातल्या चौघांची नावं आत्ता सांगू शकतो. पण तलाठी, कृषी सहायक आणि गटसचिव तिघे एका दिवशी शिवारात फिरले तर दहा टक्के तपासणी सहज होते. मुंबईतल्या बँकेला परराज्यातलं झाड तपासण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः पाचट जाळलं. तोडणीची टोळी उशिरा आली, खोडवा ठेवायचा होता, पाचटाची कुट्टी करायला यंत्रवाला एकराला जे मागत होता ते खिशात नव्हतं, आणि पाचटात उंदीर माजतात. संध्याकाळी वारा पडल्यावर कडेने काडी लावली. अर्ध्या तासात शिवार लाल. बांधावरच्या एका लिंबाची खालची फांदी होरपळली, ती अजून काळी आहे. आई दारातून बघत होती, काही बोलली नाही. त्या दिवशी कोणी मला म्हटलं असतं की नाना, जाळू नको, सोसायटीच्या कर्जात सातशे-आठशे रुपये सुटतील, तर यंत्रवाल्याला तेवढी भर घालून कुट्टी करून घेतली असती. इतका साधा हिशेब असतो शेतकऱ्याचा. पृथ्वी वाचवायची आहे असं सांगून आमच्याकडे कोणी काडी विझवत नाही.

सगळ्या देशाला एकदम लागू करा म्हणत नाही. एक तालुका घ्या, एक हंगाम घ्या. नाबार्डला सोबत घ्या, किसान कार्डाचं शास्त्र त्यांनाच माहीत आहे. फसलं तर फसलं.

परवा आईला शंभराच्या नोटेवरचा तुमचा शिक्का दाखवला. भिंग धरून बराच वेळ बघत होती. त्यातला वाघ तिला ओळखता आला नाही, कुत्रं म्हणाली, माफ करा. झाड मात्र लगेच ओळखलं. "हाऊ ते ताड शे," म्हणाली. नवापूरकडे ताड पुष्कळ, तिचं माहेर तिकडचं. मग नोट परत देताना विचारलं, हे साहेब पत्राला उत्तर देतात का?

उत्तर देणार असाल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. नंतर आम्ही सगळे नव्या-जुन्याच्या रांगेत असतो.

आपला,
किसान क्रेडिट कार्डाचा एक खातेदार आणि माजी गटसचिव
मु. पो. कोरीट, ता. जि. नंदुरबार